सुट्टीला गेलेले मूल

यंदाची स्मरणिका आपल्या हाती देताना, आनंदसोहळ्याच्या पानांत सहसा न येणारा एक विषय आम्ही मुद्दाम घेत आहोत. जूनच्या सुट्टीत आईबरोबर वा वडिलांबरोबर नागपूरला गेलेले मूल येथील शाळा उघडली तरी परतत नाही. मागे राहिलेल्याचा दूरध्वनीही कोणी उचलत नाही. नातलग म्हणतात, "आपलेच लेकरू आपल्याच घरी आणले, यात पळविले कुठे?"

१९८० च्या हेग कराराने याचे उत्तर दिले आहे. सोळा वर्षांखालील मुलास एका पालकाने दुसऱ्याचा हक्क डावलून परदेशी नेल्यास त्याला प्रथम नेहमीच्या वास्तव्याच्या देशी परत धाडावे. ताबा कोणाकडे, हे तेथील न्यायालय ठरवील. सिंगापुरात यासंबंधीचा कायदा २०११ पासून लागू आहे. भारताने मात्र करार अद्याप स्वीकारलेला नाही, म्हणून आपल्या घरांतील तंट्यांत त्याचा आधार मिळत नाही. उरतो तो हेबियस कॉर्पसचा मार्ग, आणि तेथे निकाल प्रकरणागणिक बदलतो. मिशिगनहून वडिलांनी पुण्यास आणलेला मुलगा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली आईच्या स्वाधीन करून परत जाऊ दिला. उलट २०१७ साली, आईसोबत इंग्लंडहून आलेल्या मुलीस परत धाडण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश त्याच न्यायालयाने रद्द केला. परदेशी न्यायालयाचा हुकूम हा विचारात घ्यावयाच्या अनेक बाबींपैकी एक, मुलाचे हित सर्वांत वर, असे सांगितले. पोलिसांत धाव घेऊनही फारसे साधत नाही. ताब्याचा मनाई आदेश नसताना जन्मदात्या पित्यावर अपहरणाचा गुन्हा लागू होत नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२३ साली म्हटले आहे.

भारताने करार स्वीकारावा, अशी शिफारस विधी आयोगाने २००९ साली केली होती. तरी छळातून सुटून माहेरी आलेल्या स्त्रीला पुन्हा त्याच दारात उभे करावे लागेल, ही विरोधकांची भीती आम्हांस पोकळ वाटत नाही. आपल्या कित्येक भगिनी येथे डिपेंडंट पासवर राहतात. तो पास पतीच्या नोकरीशी बांधलेला. नोकरी गेली वा पतीने मनात आणले की त्यांचे येथील राहणेच संपते. अशा बाईने लेकरू उचलून विमान गाठले, तर तिला चोर म्हणण्याचे धाडस आमच्याने होत नाही. पण तिनेही एक जाणून असावे. येथील कौटुंबिक न्यायालयात संरक्षण आदेश मागता येतो. त्यासाठी घटस्फोटाचा दावा असावा लागत नाही, की सिंगापूरचे नागरिकत्वही लागत नाही.

वैवाहिक दावा चालू असेल, तर मुलास देशाबाहेर नेऊ नये असा आदेश दुसऱ्या पालकाला मागता येतो. विमेन्स चार्टरनुसार ताब्याचा आदेश झाल्यावर दीर्घ काळासाठी मूल बाहेर न्यावयाचे, तर दोघांची लेखी संमती अथवा न्यायालयाची परवानगी लागते. या गोष्टी तिकीट काढण्यापूर्वीच्या आहेत. आपल्याकडे मात्र आधी तिकीट निघते, मग दोन्हीकडची वडील मंडळी बैठका घेतात, सहा-आठ महिने समजुतीत जातात, आणि वकील गाठला जातो तो सर्वांत शेवटी. तोवर मूल तिकडच्या शाळेत रुळलेले असते, आणि ते आता येथे रुळले आहे, हेच पुढल्या सुनावणीत त्याला परत न धाडण्याचे कारण म्हणून मांडले जाते.

— संपादक मंडळ