बलार्ध, साहस आणि आपला गल्ला

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा वाग्भटाचार्यांचा दंडक आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेला आहे. परंतु ४२ किलोमीटर धावण्याची तयारी करणारा तरुण चिकित्सालयात समोर येऊन बसला, की त्या दंडकाचे नेमके काय करावे, हे अनेकांस सुचत नाही. मॅरेथॉन ही मुळातच बलार्ध ओलांडण्याची स्पर्धा. ‘धावू नका’ एवढेच सांगणाऱ्या वैद्याकडे तो पुन्हा फिरकत नाही. आणि मागेल ते बल्य औषध देणारा वैद्य, आमच्या मते, त्याचे अधिक अहित करतो. या दृष्टीने अमेरिकन धावपटू अल्बर्टो सालाझार यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे.

क्यूबात १९५८ साली जन्मलेल्या सालाझार यांनी १९८० ते १९८२ अशी सलग तीन वर्षे न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. त्याआधी, ऑगस्ट १९७८ मध्ये, फाल्मथ येथील अवघ्या सात मैलांच्या शर्यतीअखेर ते कोसळले होते. शरीराचे तापमान १०८ अंश फॅरनहाइट. बर्फाच्या पाण्यात ठेवावे लागले आणि धर्मगुरूंनी अंतिम विधीही उरकला. पुढे एप्रिल १९८२ मध्ये बोस्टन येथे, कडक उन्हात, वाटेत पाणी फारच थोडे घेऊन त्यांनी डिक बियर्डस्ली यांना दोन सेकंदांनी मागे टाकले. वेळ २ तास ८ मिनिटे ५२ सेकंद. त्यानंतर शिरेतून सहा लिटर सलाइन!

तृष्णावेगाचे धारण आणि उष्ण काळातील अतिव्यायाम एकाच देहात एकत्र आले, तर काय होते? चरकाचार्यांनी शोषाच्या चार हेतूंत साहसाचा उल्लेख सर्वप्रथम केला आहे. १९८२ च्या न्यूयॉर्कनंतर सालाझार यांना एकही मोठी मॅरेथॉन जिंकता आली नाही. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये ते पंधरावे आले. वारंवार होणारा श्वसनमार्गाचा संसर्ग, दुखापती, नैराश्य यांतच पुढील कित्येक वर्षे गेली. १९९४ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत जिंकली खरी. परंतु त्या काळी आपण नैराश्यावरील आधुनिक औषध घेत होतो, हे त्यांनीच सांगितले आहे. २००७ साली त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन सुमारे चौदा मिनिटे नाडी थांबली होती. हा दोष केवळ धावण्याच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण त्यांच्या कुटुंबातच हृद्रोग होता. आपल्यापैकी काहींना अशी उदाहरणे सोयीनुसार वापरण्याची सवय आहे, म्हणून हे नमूद केले.

आमच्या दृष्टीने खरा बोध त्यांच्या प्रशिक्षकपदाच्या काळात आहे. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने २०१९ मध्ये त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली आणि क्रीडा लवादाने २०२१ मध्ये ती कायम केली. टेस्टोस्टेरॉनचा व्यवहार, तसेच एल-कार्निटिन हे द्रव्य अनुज्ञेय मात्रेपेक्षा अधिक प्रमाणात शिरेतून देणे, असे आरोप त्यात होते. एल-कार्निटिन स्वतः निषिद्ध नाही; दोष देण्याच्या रीतीत होता. आणि त्याच निकालात एका डॉक्टरवरही तेवढीच बंदी आली.

‘आमची औषधे निसर्गोत्पन्न, त्यांत उत्तेजक कोठले?’ हा युक्तिवाद आम्ही अनेक औषधालयांच्या गल्ल्यावर ऐकला आहे. तो टिकणारा नाही. अग्नितुंडी वटी व विषतिंदुक वटीत कुचला आहे. त्यातील स्ट्रिकनीन जागतिक यादीनुसार स्पर्धाकाळात वर्ज्य आहे. शोधनाने त्याचा अंश घटतो, निःशेष होत नाही. सोमलतेत एफेड्रिन असते. जातीफलादि चूर्णात भांग आहे, हे तर ग्रहणीच्या रुग्णाला चूर्ण देताना कोणाच्या ध्यानीही येत नाही. स्पर्धकाच्या मूत्रात असे द्रव्य सापडले, तर ‘वैद्यांनी पोटासाठी दिले होते’ हे उत्तर त्याला वाचवीत नाही. देहात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच, असा नियम आहे.

तेव्हा धावपटू समोर आला, की नाडी पाहण्यापूर्वी त्याची पुढील स्पर्धा कधी आहे आणि तेथे चाचणी होते काय, हे विचारावे. हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागणे, हे सुश्रुतोक्त बलार्धलक्षण त्याला त्याच्या भाषेत समजावावे. सराव त्या खुणेच्या आसपास ठेवण्यास आणि तहान न मारण्यास सांगावे. औषधालयांनी कुचला, सोमलता व भांगयुक्त कल्प वेगळ्या फडताळात ठेवून गिऱ्हाईक स्पर्धक आहे काय, एवढे विचारूनच ते द्यावेत. अशा कल्पांची यादी मराठीत छापून प्रत्येक सभासदाच्या गल्ल्यावर लावण्याचे काम आपल्या संघटनेने येत्या तिमाहीत हाती घ्यावे, असा आमचा आग्रह आहे.