फुंकणीनंतरची फुंकर

खटाव तालुक्यातल्या वडूजच्या बाजारात पिशवी घेऊन दहा पावलांवर टेकणारी आजी दिसली की घरचे म्हणतात, 'वय झालं.' पुष्कळदा ते वय नसते, चूल असते. विडीला कधी न शिवलेल्या, पण जन्मभर फुंकणीने जाळ केलेल्या बायांनाही सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार होतो. यात हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. बारीक श्वासनळ्या मिटतात. गंमत अशी, की आराम पुन्हा फुंकरीतच आहे. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून चार अंक मोजत सोडायचा. जोर मात्र चुलीसारखा नको. पंपाचे औषध चालू ठेवूनच हे करायचे.

याच खटाव तालुक्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले. व्यायाम इथे परका नाही. पण टीव्हीवर पाहून धापेच्या रोग्याला जोरकस कपालभातीला बसवणे अंगाशी येऊ शकते. म्हणूनच सरकारी दवाखान्यात आठवड्यातली एक सकाळ फिजिओथेरपिस्टने याच रुग्णांसाठी ठेवावी. यंत्रे नकोत, चार खुर्च्या आणि चालायला एक व्हरांडा पुरे.