चहात नको, सरबतात चालेल

अगावे सिरप चहात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. चव बिघडते म्हणून नव्हे, पैसे वाया जातात म्हणून. या पाकाचा गोडवा मुख्यतः फ्रुक्टोजचा. फ्रुक्टोज थंड असताना साखरेपेक्षा बरंच गोड लागतं, पण तापवलं की त्याच्या रेणूंची ठेवण बदलते आणि गोडी उतरते. वाफाळत्या चहात दोन चमचे घातल्यावरही माणूस बाटलीकडे संशयानं बघतो आणि तिसरा ओततो. फ्रीजच्या पाण्यातल्या लिंबू सरबताला मात्र एक चमचा पुरून उरतो.

ही बाटली हल्ली मोठ्या दुकानांत मधाशेजारी उभी असते, आणि अमेरिकेहून येणाऱ्या लेकी-सुनांच्या बॅगेतही असते. माझ्याकडे ती नणंदेकडून आली. ताईंना मधुमेह आहे. बाटली माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "वहिनी, यानं शुगर वाढत नाही म्हणे. यंदा दिवाळीला याचेच लाडू करू." मग बाटलीवरचं चित्र निरखून म्हणाल्या, "आणि हा तर आपला बांधावरचा घायपात!"

घायपाताचं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. ज्याची काटेरी पानं आपण कुंपणाला लावतो आणि ज्याच्या वाखाचे दोर वळतो, तो घायपातही मूळचा मेक्सिकोकडचाच. सिरपसाठी बहुतेक वेळा त्याचा निळसर पानांचा भाऊबंद वापरतात. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात, तेकिला गावाच्या आसपास, त्याची मैलोन् मैल शेती आहे. तेकिला ही दारू कायद्यानं याच निळ्या अगावेपासून करावी लागते, आणि तिथल्या त्या शेतशिवाराला 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. झाड तयार व्हायला सहा-सात वर्षं लागतात. मग 'हिमादोर' म्हणवणारे कसबी मजूर लांब दांड्याच्या गोल पात्यानं सगळी पानं छाटतात आणि अननसासारखा दिसणारा भलामोठा गाभा मोकळा करतात. फुलाचा दांडा वाढू दिला तर साखर त्याच्यात खर्ची पडते, आणि एकदा फुललं की झाडच मरतं. म्हणून दांडा आधीच कापून टाकतात.

गाभ्याचा रस काही थेट बाटलीत भरत नाहीत. त्यातली साखर लांबलांब साखळ्यांत बांधलेली असते, जिभेला ती फारशी गोड लागत नाही. उष्णता देऊन किंवा विकरं घालून त्या साखळ्या तोडायच्या, रस गाळायचा, पाणी आटवायचं, मग हे सिरप मिळतं. त्यामुळे लेबलावर 'कच्चं' किंवा 'निसर्गाचं देणं' असं लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं. हा सरळसरळ कारखान्यातला माल आहे. त्यात वाईट काही नाही, साखरही कारखान्यातूनच येते. मेक्सिकोतली जुनी घरगुती पद्धत वेगळी होती. तिथे दुसऱ्या जातीच्या, मोठ्या अगावेचा गाभा जिवंत झाडावरच कोरतात, त्यात साठणारा गोड रस रोज काढतात आणि तो आटवून काकवीसारखा पाक करतात. तोच रस आंबवला की पुल्के नावाची पांढरट दारू होते.

आता ताईंची शुगर. साध्या साखरेत निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज असतं. अगावेतल्या साखरेत फ्रुक्टोजचा वाटा बाटलीगणिक बदलतो, पण बहुधा 70 टक्क्यांच्या वरच असतो. ग्लुकोमीटर मोजतं फक्त ग्लुकोज. म्हणून अगावे खाल्ल्यावर आकडा फारसा उसळत नाही, आणि याच भांडवलावर बाटली विकली जाते. फ्रुक्टोजचा बराचसा कारभार यकृत बघतं, आणि ते नित्यनेमानं जास्त गेलं की यकृत त्याची चरबी करू लागतं. ते बोटाला सुई टोचून दिसत नाही. कॅलरीही काही कमी नाहीत. साखरेच्या सपाट चमच्यात साधारण 16, तर अगावेच्या चमच्यात 20च्या आसपास, कारण पाक वजनाला जड. अगावे जास्त गोड असल्यामुळे कमी घातलं तर थोडी बचत होईल, पण 'औषधी आहे' असं समजून धार धरणारे कमी घालत नाहीत. ताईंना मी एवढंच म्हटलं, "साखरेच्याच हिशेबात धरा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजच्या खाण्यात आणू नका." त्यांना ते आवडलं नाही.

लाडू तरीही झाले. आपल्या गोडाधोडात साखर नुसती गोडीला नसते, ती गवंडीकामही करते, हे त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना पटलं. रव्याच्या लाडवाचा एकतारी पाक थंड होताना साखरेचे कण पुन्हा धरू लागतात, म्हणून लाडू वळतो आणि वळलेला राहतो. अगावेची ख्याती नेमकी उलटी आहे, ते कधी दाणेदार होत नाही. कितीही आटवा, पाक चिकटच राहतो, आणि नेट लावून आटवलाच तर करपतो, कारण फ्रुक्टोज साखरेच्या कितीतरी आधी तांबूस पडतं. ताईंचे लाडू आम्ही वाटीत घेऊन चमच्यानं खाल्ले. चवीला बरे होते. याच कारणानं चिक्की आणि गुळाची पोळी यांच्या वाटेला अगावेनं जाऊ नये. नानकटाई खुसखुशीत होण्याऐवजी मऊ पडते. श्रीखंडाचं तर नावच काढू नका. रात्रभर टांगून चक्क्यातलं पाणी काढायचं आणि सकाळी पातळ पाक ओतायचा, याला काय म्हणावं?

गार पदार्थांत मात्र मी त्याची बाजू घेईन. कोकमाचं आगळ, गार पाणी, जिरेपूड आणि चमचाभर अगावे: ढवळत बसावं लागत नाही, तळाशी साखर उरत नाही, आणि रंग जराही गढूळ होत नाही. पन्ह्याला ते चालतं, पण मला तिथे गुळाचाच वास हवा. चिरलेल्या फळांवर, घट्ट दह्यावर ते छान लागतं. मध वर्ज्य मानणाऱ्या जैन घरांत किंवा प्राणिज काहीच न खाणाऱ्या मुलांसाठी, मधाच्या जागी घालायला ते खरोखर सोयीचं आहे.

तीच सोय काकवीनंही होते, हे सांगायलाच हवं. थालीपिठाशी, घावनाशी, गरम भाकरीशी काकवीसमोर अगावे अगदीच बेचव वाटतं. अर्थात काकवीही साखरच, लोहाची जेमतेम भर असलेली. मधुमेह्यानं दोन्हींपासून सारखंच जपून राहावं. पण पैसे मोजायचे तर कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाला मोजावेत, असं मला वाटतं, आणि यात माझं माहेर तिकडचं असल्याचा संबंध असेलही.

उरलेली बाटली मी केकला लावते. वाटीभर साखरेच्या जागी पाऊण वाटीलाही थोडं कमीच घ्यायचं, आणि दूध किंवा पाणी पाव हिश्शानं कमी करायचं. ओव्हन नेहमीपेक्षा 15 अंश खाली ठेवायचा, नाहीतर वरून तांबूस आणि आतून कच्चा, असा प्रकार होतो. फ्रुक्टोज ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे केळ्याचा केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ताईंना मी त्याचा अर्धाच काप देते. उरलेला अर्धा त्या माझी पाठ वळली की घेतात.