आजार ठरवायचा कशावरून?

देवीच्या जत्रेत एखाद्या बाईच्या अंगात येतं. ती घुमते, निराळ्याच आवाजात बोलते, लोक तिच्या पाया पडतात आणि तासाभरानं ती स्वयंपाकाला लागते. हेच तिच्या मनाविरुद्ध, वेळीअवेळी होऊ लागलं, नोकरी-संसार त्यात बुडू लागला, तर मात्र तिला उपचारांची गरज असू शकते. वागणं तेच, पण निदान वेगळं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली काढलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेनंही ही तफावत मान्य केली आहे. दुभंगलेल्या ओळखीच्या विकाराचं निदान करताना, हा प्रकार समाजात रूढ असलेल्या धार्मिक प्रथेचा भाग नाही ना, हे पाहावंच लागतं. आपल्याकडे मात्र शेजाऱ्यांना खटकलं की माणूस बिघडला, असा सरळ हिशेब चालतो, आणि शिकलेल्या घरांतही तो तितकाच चालतो.

दुर्मीळ ते विकृत म्हणावं, तर असामान्य बुद्धिमत्ताही विकृतीत जमा होईल. समाजाला न रुचणारं ते विकृत म्हणावं, तर त्याचे परिणाम इतिहासात नोंदलेले आहेत. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या अमेरिकी डॉक्टरनं मालकापासून पळून जाण्याची गुलामांची ओढ हा चक्क मनोविकार ठरवला होता. सोव्हिएत रशियात सरकारच्या टीकाकारांना ‘संथ स्किझोफ्रेनिया’ झाल्याचं सांगून इस्पितळात डांबलं जाई. म्हणून मानसशास्त्राचा भर हळूहळू दोन प्रश्नांवर आला: या माणसाला त्यातून यातना होतात का, आणि त्याचं रोजचं जगणं त्यामुळे अडतं का?

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की समलैंगिकता १९७३ मध्ये आजारांच्या यादीतून वगळली गेली आणि पुढच्या वर्षी संघटनेच्या सभासदांनी त्यावर मतदानही केलं. ज्याचा निकाल मतपेटीत लागतो, त्याला आजार कसं म्हणायचं? थॉमस सास या मानसोपचारतज्ज्ञांनी तर १९६१ मध्येच मानसिक आजार ही दंतकथा असल्याचं लिहिलं होतं. पण त्या मतदानामागे एक युक्तिवाद होता. संघटनेतले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांचं म्हणणं असं, की अनेक समलैंगिक माणसांना आपल्या वृत्तीचा त्रास होत नाही आणि त्यांचं कामही अडत नाही, मग हा विकार कसा? चूक सुधारली ती याच कसोटीमुळे. शिवाय सीमारेषा माणसं आखतात म्हणून आजार खोटा ठरत नाही. उच्च रक्तदाबाची मर्यादा अमेरिकेत २०१७ मध्ये १४० वरून १३० वर आणली गेली, ती तज्ज्ञांच्या समितीनंच. जागतिक आरोग्य संघटनेनं आग्र्यासह नऊ देशांतल्या केंद्रांत केलेल्या पाहणीत स्किझोफ्रेनियाची मुख्य लक्षणं सगळीकडे ओळखता आली होती. भाषा, धर्म, रीतिरिवाज सगळे वेगळे असताना आढळणारी ही लक्षणं निव्वळ समाजाची कल्पना कशी असतील?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. उन्मादाच्या भरात घर गहाण टाकायला निघालेला माणूस कमालीचा खूश असतो, त्याला यातना कुठे आहेत? हे खरं आहे, आणि म्हणूनच यातनेची कसोटी एकटी पुरत नाही. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची व्याख्या म्हणूनच विचार, मनःस्थिती किंवा स्मरणशक्तीतल्या अशा गंभीर बिघाडाबद्दल बोलते, ज्यानं निर्णयशक्ती, वास्तवाचं भान किंवा रोजचे व्यवहार कोलमडतात. पण ते कोलमडलेत की नाही, हे तपासावं लागतं, नातेवाइकांच्या तक्रारीवरून गृहीत धरता येत नाही. समाजाची नैतिक मूल्यं किंवा धार्मिक श्रद्धा न पाळणं हा मानसिक आजाराचा आधार होऊ शकत नाही, असं याच कायद्याचं तिसरं कलम बजावतं. जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या किंवा लग्नच नको म्हणणाऱ्या मुलीला ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणत मानसोपचारतज्ज्ञाकडे ओढून नेणाऱ्या पालकांना हे कलम कुणीतरी वाचून दाखवायला हवं.

घटस्फोटाच्या खटल्यांत तर हा प्रश्न फारच बोचरा होतो. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, पण नुसतं स्किझोफ्रेनियाचं नाव चिकटवून भागत नाही, विकाराची तीव्रता सिद्ध करावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच स्पष्ट केलं. पूर्वी घेतलेले उपचार एवढ्यावरून आज कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, हे २०१७ च्या कायद्यातही आहे. तेव्हा बायकोच्या जुन्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन कोर्टात जाणाऱ्याला ती आज काय करू शकत नाही, हेही दाखवावं लागेल.