मॉडेल बंद झालंय

बाबांचं ड्रिल मशीन दिवाळीआधी थांबलं. बटण दाबलं की मोटर फिरते, आवाजही खणखणीत, पण पुढचा चक जागचा हलत नाही. परभणीत आमच्या घरची यंत्रं ज्या मिस्त्रींकडे जातात, त्यांनी चार स्क्रू काढले, काळ्या ग्रीसमध्ये बोट घालून एक तिरप्या दात्यांचं चाक बाहेर काढलं आणि पुसून माझ्या तळहातावर ठेवलं. तीन दाते साफ उडालेले.

"ताई, बाकी मशीन पोलाद आहे बगा. पण हे मॉडेल बंद झालंय. ह्याचं सामान येत नाही."

बाबा गंगाखेड तालुक्यात सुतारकाम करायचे. तिफणीचं दांडं मोडलं, गाडीचा आरा निखळला, जू चिरलं, की माणूस मोडका तुकडा खांद्यावर टाकून आमच्या दारात यायचा. बाबा तो तुकडा उलटसुलट करून बघत, बाभळीचं लाकूड निवडत आणि वाकस उचलत. दिवस मावळायच्या आत औत शेतात. ते कोणी केलं होतं, कधी केलं होतं, हे कुणी विचारत नसे. तुटलेली वस्तूच तिचं माप सांगायची. पुढं बाबांनी हे मशीन घेतलं आणि अर्ध्या गावाच्या दारांच्या कड्या-बिजागऱ्या त्यावर बसल्या.

यंत्राचंही बरंचसं काम अजून तसंच चालतं, हे मला मिस्त्रींच्या टेबलाशी बसून कळलं. बेअरिंगचंच घ्या. त्यावर ६२०१ असं कोरलेलं असतं. म्हणजे आतलं भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३२, जाडी १०. हा आकडा जगभर तोच. यंत्राची कंपनी राहो न राहो, ६२०१ बेअरिंग तालुक्याच्या दुकानातही मिळतं. मोटरचे कार्बन ब्रश झिजले तर थोडे मोठे घेऊन पॉलिश पेपरवर घासून मापात आणता येतात. मात्र गाडीच्या स्टार्टरचे कार्बन ड्रिलमध्ये घालू नयेत, असं मिस्त्री बजावतात. त्यांत तांबं जास्त असतं, ते कमी व्होल्टेजसाठी केलेले असतात; २३० व्होल्टवर ठिणग्या उडतात आणि कम्युटेटर खराब होतो.

आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, जळालं तरी आपल्याकडे ते भरून मिळतं. विहिरी-बोअरवरच्या मोटारी जळतच असतात, म्हणून मोटार भरणारा कारागीर इथं गावोगाव सापडतो. तो जुनी तार सोडवताना वेढे मोजतो, तारेचा गेज बघतो, कोणतं टोक कम्युटेटरच्या कोणत्या पट्टीला जातं ते वहीत मांडून घेतो. ज्या कंपनीनं मॉडेल बंद केलं, तिच्याकडे नसेल इतकी माहिती कदाचित त्या तेलकट वहीत असेल. ती वही मला फार मोलाची वाटते.

अडतं ते गिअरपाशी. तो त्या एका मॉडेलसाठीच केलेला असतो. दात्यांची संख्या, दात्याचं माप, तिरपेपणाचा कोन, मधलं भोक, सगळं जुळावं लागतं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कुणी एकच नग कापून, कडक करून देईलही, पण त्या पैशात नवं ड्रिल येईल. तरी भाऊ रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला गेला आणि नागदेवी स्ट्रीटवर दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी आमच्यासारखाच ३९ दात्यांचा, अगदी तेवढ्याच व्यासाचा गिअर मिळाला. घरी आणून जुन्याशेजारी ठेवला, तर दात्यांचा कल उलटा! असा गिअर बसतच नाही.

सुटे भाग न मिळण्याचा हा प्रश्न सरकारपर्यंतही पोचला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू झालं. त्यासाठी चार क्षेत्रं निवडली: शेतीची यंत्रं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. सुताराचं ड्रिल, वेल्डरचा ग्राइंडर यांचं नाव त्यात वेगळं नाही. ज्यांचं पोट यंत्रावर चालतं, त्यांचंच यंत्र राहून गेलं, याचं मला वाईट वाटतं. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही १० वर्षं पुरवावे लागतात. आपल्याकडे तेही हवं, पण माझी मागणी त्याहून साधी आहे. मॉडेल बंद करताना कंपनीनं त्याच्या सुट्या भागांची मापं आणि नकाशे सर्वांसाठी खुले करावेत. पुढचं आमचे लेथवाले बघतील.

तोवर मिस्त्रींनी एक वाट सुचवली आहे. मोटर जळाली म्हणून टाकून दिलेल्या मशीनचा गिअर बहुतेक वेळा शाबूत असतो. तेव्हा सेलू, जिंतूर, पाथरी, पूर्णा, कुठंही कुणाच्या माळ्यावर बंद ड्रिल पडलं असेल, तर ते भंगारात घालण्याआधी जवळच्या दुरुस्तीवाल्याला दाखवा, आणि अंगावरची मॉडेल नंबरची पाटी खरवडू नका. बाबांचा मोडका गिअर मी रॉकेलनं धुऊन, पिशवीत घालून मशीनच्या वायरीलाच बांधून ठेवला आहे. मापाला तोच लागेल.