निकाल ठरलेली कुस्ती

कुस्ती पाहावयाची म्हणजे पूर्वीं घराबाहेर पडावें लागे. गांवची जत्रा असो किंवा शाहू महाराजांनीं कोल्हापुरास बांधविलेलें खासबागेचें मैदान असो, तेथें जाण्याची हौस बहुधा घरांतील पुरुषांची. बायकामुलांच्या वांट्यास दुसऱ्या दिवशीं ऐकावयास मिळणारी हकीकत तेवढी यावयाची. १९९० नंतर केबलच्या तारेबरोबर एक निराळ्या जातीची कुस्ती थेट घरांत शिरली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा उपनगरांत दोन-तीन पिढ्या एकाच दिवाणखान्यांत टेलिव्हिजनसमोर बसत. आजोबांना बातम्या हव्या असत, सुनांना मालिका हवी असे, आणि नातवंडांना हवा असे तो दोरांनीं वेढलेला चौथरा व त्यावर एकमेकांस उचलून आपटणारे धिप्पाड मल्ल. मुलांनीं त्या मल्लांच्या चित्रांचे पत्ते जमविले, त्यांची उंची आणि वजनें तोंडपाठ केलीं. वडीलधाऱ्या मंडळींनीं मात्र एकच वाक्य वारंवार ऐकविलें : "अरे, हें सारें खोटें असतें." त्या वाक्यानें मुलें गप्प बसलीं नाहींत, आणि पाहावयाचींहि थांबलीं नाहींत. तीं मुलें आज स्वतः आईबाप झालीं आहेत आणि त्याच प्रश्नाला उत्तर देण्याची पाळी त्यांच्यावर येत आहे. म्हणून 'खोटें' या शब्दाचा अर्थ जरा उलगडून पाहावा, असा आमचा आजचा विचार आहे.

प्रथम जें खरें आहे तें मान्य करूं. या व्यावसायिक कुस्तींत जय कोणाचा व्हावयाचा हें अगोदर ठरलेलें असतें, आणि हें आतां गुपित राहिलेलें नाहीं. १९८९ मध्यें अमेरिकेंतील सर्वांत मोठ्या कुस्ती-कंपनीनें न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढें आपण होऊन सांगितलें कीं, आमच्या कुस्त्या हा प्रेक्षकांच्या करमणुकीसाठीं चालणारा धंदा आहे, ती खरी स्पर्धा नव्हे. सत्याची चाड हें या कबुलीचें कारण नव्हतें. खेळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचे नियम आणि आकार टळावे, हा हिशेब होता. तथापि कबुलीमुळें प्रेक्षक ओसरले नाहींत. पुढील दहा वर्षांत तर ते वाढलेच. लोक केवळ फसले म्हणून येत असते, तर फसवणूक उघडकीस येतांच त्यांनीं पाठ फिरविली असती. तेव्हां ते जें पाहात होते तें निकालाहून दुसरें कांहीं तरी असलें पाहिजे.

निकाल ठरवून कुस्ती करण्याची बुद्धि मुळांत कां झाली, हें समजण्यास गामा पहिलवानाची गोष्ट उपयोगीं पडते. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडनमध्यें गामा आणि पोलंडचा मल्ल झ्बिस्को यांची कुस्ती झाली. झ्बिस्कोनें गामाचें बळ ओळखलें, आणि तो चटईस जो चिकटला तो उठेचना. अडीच तासांहून अधिक वेळ हा प्रकार चालला आणि कुस्ती बरोबरींत सुटली. पुढच्या आठवड्यांतील फेरलढतीस झ्बिस्को आलाच नाहीं. १९२८ मध्यें पतियाळास दोघे पुन्हां भेटले, तेव्हां गामानें त्यास एका मिनिटाच्या आंत चीत केलें. दोन्ही कुस्त्या खऱ्या होत्या. आणि तिकीट काढून आलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीनें दोन्ही अवघड होत्या. एक संपतां संपेना, आणि दुसरी पाहूं म्हणेपर्यंत संपली. अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत एड लुईस, बिली सँडो आणि टूट्स मोंट या तिघांनीं या अडचणीवर तोडगा काढला. त्यांनीं वेळेची मर्यादा घातली, डोळ्यांत भरतील असे डाव वाढविले, निकाल आपल्या हातीं ठेवला, आणि मल्लांचा तोच संच गांवोगांव फिरविला. थोडक्यांत, कुस्तीची त्यांनीं नाटकमंडळी केली.

नाटकमंडळी आली म्हणजे कथानक आलें. अजिंक्यपदाच्या बहुतेक मोठ्या लढतींचा सांगाडा एकच असतो. आरंभीं नायक आपलें कसब दाखवितो, आणि न्यायानें चाललें तर हाच जिंकणार अशी प्रेक्षकांची खात्री पटते. मग पंचाची पाठ फिरतांच खलनायक कांहीं तरी आगळीक करितो. ती प्रेक्षकांस दिसते, पंचास दिसत नाहीं. हजारों लोक एका अन्यायाचे साक्षीदार होतात आणि त्यांना स्वस्थ बसवत नाहीं. त्यानंतरचा मोठा भाग नायकाच्या हालांचा. त्याचा एखादा गुडघा किंवा पाठ हेरून तेथेंच पुनःपुन्हां मारा होतो. म्हणजे पुढें नायकानें प्रतिस्पर्ध्यास उचललें कीं तोच गुडघा नेमका दगा देतो. शेवटीं नायक उसळतो, खलनायकाचे खांदे टेकतात, पंच एक, दोन असें मोजतो, आणि तिसरा आंकडा पडण्याच्या आंत खांदा उचलला जातो. आतां संपलें असें वाटावें आणि संपूं नये, हीच या कलेची मेख.

कीर्तनांत जरासंधवध ऐकलेल्या श्रोत्यांस ही मेख नवी वाटूं नये. भीम जरासंधाला उभा चिरतो, श्रोते सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि बुवा सांगतात कीं दोन्ही शकलें पुन्हां जुळलीं. मग श्रीकृष्ण एक काडी चिरून तिचे दोन भाग उलट दिशांस टाकतो, आणि भीमाला खूण पटते. जरासंध मरणार हें दहा वर्षांच्या मुलालाहि ठाऊक असतें. तरी शकलें जुळतांना त्याच्या पोटांत गोळा येतो. कारण 'काय होणार' याची उत्सुकता संपली तरी 'कसें होणार' याची संपत नाहीं. गवई समेवर येणारच हें माहीत असून तो ती कशी गांठतो याकडे आपण कान लावून बसतों, त्यांतलाच हा प्रकार.

या चौथऱ्यावर अधिक अवघड काम मारणाऱ्याचें नसून मार खाणाऱ्याचें असतें. मारणाऱ्यानें दुसऱ्यास इजा होऊं न देतां मारावयाचें. खाणाऱ्यानें तो घाव शेवटच्या रांगेंतील माणसाच्याहि अंगावर येईल असा झेलावयाचा. दहा मिनिटांपूर्वीं दुखावलेला पाय दहा मिनिटांनंतरहि लंगडावयास हवा. मल्ल तें विसरला कीं गोष्ट मोडली. पुष्कळदां शेवट तेवढा ठरलेला असतो. मधला भाग दोघे जण प्रेक्षकांचा रागरंग पाहून तेथल्या तेथें रचीत जातात, पकडींत असतां हळूच एकमेकांस पुढचा डाव सांगतात, आणि प्रसंगीं पंचच निरोप्या होतो. कोंकणांतील व गोव्यांतील दशावतारी मंडळींची रीत याहून फार वेगळी नाहीं. तेथेंहि लिहिलेले संवाद नसतात. आख्यान आणि पात्रें ठरलीं कीं संवाद रंगमंचावरच उभे राहतात. फ्रेंच लेखक रोलां बार्त यानें १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहांत पहिलाच निबंध या कुस्तीवर घातला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, हा खेळ नसून देखावा आहे. वेदना, पराभव आणि न्याय हीं सर्वांस स्पष्ट दिसतील अशीं दाखविणें हें मल्लाचें खरें काम. आपल्या साहित्यशास्त्रांत यालाच रसनिष्पत्ति म्हटलें असतें.

मुंबईनें हा देखावा अमेरिकन वाहिन्यांच्या पुष्कळ आधीं पाहिला होता. अमृतसर जिल्ह्यांतील धर्मूचक गांवीं १९२८ मध्यें जन्मलेले दारासिंग १९५४ मध्यें भारताचे विजेते ठरले, आणि १९५९ मध्यें कलकत्त्यास जॉर्ज गॉर्डियन्को यास हरवून त्यांनीं राष्ट्रकुलाचें विजेतेपद मिळविलें. किंग काँग या नांवानें गाजलेला एमिल चाया हा प्रचंड देहाचा हंगेरियन मल्ल त्यांचा ठरलेला प्रतिस्पर्धी. या जोडीला पाहावयास गर्दी लोटे. १९६२ मध्यें 'किंग काँग' याच नांवाचा हिंदी चित्रपट निघाला, त्याचे नायक दारासिंगच होते. पुढें २९ मे १९६८ रोजीं मुंबईंत त्यांनीं लू थेझला हरविलें आणि ते जगज्जेते म्हणून दुमदुमले.

या शेवटच्या लढतीकडे जरा बारकाईनें पाहावें. थेझ तेव्हां ५२ वर्षांचा होता. अमेरिकेंतील मोठ्या संघटनेचें अजिंक्यपद त्यानें जानेवारी १९६६ मध्यें जीन किनिस्कीपुढें गमावलेलें होतें. म्हणजे मुंबईंत जें जगज्जेतेपद पणास लागलें, तें एका अर्थीं कथेनेंच निर्माण केलेलें होतें. परंतु थेझ हा अस्सल कुस्तींत मुरलेला, प्रतिस्पर्ध्याचा सांधा निखळविण्याइतके डाव जाणणारा मल्ल होता. त्याला नको असतां त्याचे खांदे टेकविणारा माणूस मिळणें कठीण. दारासिंगांना तो स्वतः खरा मल्ल मानीत असे. पराभूताची पत जेवढी मोठी तेवढा विजय मोठा, हें या कथनाचें व्याकरण आहे. मावळतीस लागलेला दिग्गज आपली सारी पुण्याई यजमान देशाच्या नायकाच्या ओंजळींत टाकून गेला, आणि तिचा अर्थ प्रेक्षकांस बिनचूक कळला.

दारासिंगांनीं ती पुण्याई पुढें निराळ्या रंगभूमीवर नेली. १९८७-८८ मध्यें दूरदर्शनच्या 'रामायणां'त ते हनुमान झाले, आणि ज्या घरांत फ्रीस्टाईल कुस्तीचें नांव निघत नसे त्या घरांतील आजीहि रविवारीं सकाळीं त्यांच्यापुढें हात जोडून बसली. जुहू येथील आपल्या घरीं १२ जुलै २०१२ रोजीं ते वारले. हनुमानानें उचललेला पर्वत खरा नव्हता, म्हणून आजीच्या नमस्कारास कोणी खोटा म्हटलें नाहीं. मग कुस्तीलाच निराळा न्याय कां ?

निराळा न्याय लावावयाचाच असेल, तर तो तीन ठिकाणीं लावावा असें आम्हांस वाटतें. पहिलें ठिकाण प्रेक्षकाशीं केलेल्या कराराचें. हमीदा बानू ही त्या काळची नामांकित स्त्रीमल्ल. १९५४ मध्यें मुंबईंत तिनें व्हेरा चिस्टिलिन या रशियन प्रतिस्पर्धिनीस एका मिनिटाच्या आंत हरविलें. पुरुषांशींहि ती लढे. पुण्यांत तिच्या एका कुस्तीस विरोध होऊन ती रद्द झाली, तेव्हां तिनें मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर असें आलें कीं, मनाई ती स्त्री आहे म्हणून नाहीं, तर तिच्यापुढें नकली प्रतिस्पर्धी उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून. एका स्त्रीस रोखण्यासाठीं ही सबब सोयीची होती, हें कोणाच्याहि ध्यानांत येईल. परंतु त्या सबबींतील तत्त्व खोटें नाहीं. खुली लढत म्हणून जाहिरात करावयाची, इनाम आणि पैजा लावावयाच्या, आणि आंतून निकाल ठरवावयाचा, ही कला नव्हे, लबाडी आहे. १९५२ मध्यें हेलसिंकीस कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव ज्या मातींतून वर आले, त्या मातींत आजहि मुलें घाम गाळीत आहेत. अशी लबाडी त्यांच्या भाकरीवर घाव घालते. नाटक हें नाटक म्हणून दाखविलें, तर त्यांत कोणाचीच फसवणूक नाहीं.

दुसरें ठिकाण खलनायकाचें. १९०७ मध्यें खाडिलकरांचें 'कीचकवध' रंगभूमीवर आलें तेव्हां प्रेक्षकांनीं कीचकांत लॉर्ड कर्झनला ओळखलें, आणि १९१० मध्यें सरकारनें त्या नाटकावर बंदी घातली. चीत झालेल्या किंग काँगमध्यें नव्यानें स्वतंत्र झालेल्या देशानें एक परका बलाढ्य पाहिला असेल, तर नवल नाहीं. पण तेंच शस्त्र उलटूनहि येतें. २००७ मध्यें जागतिक हेवीवेट अजिंक्यपद मिळविणारे हिमाचल प्रदेशचे दलीपसिंग राणा, म्हणजे 'द ग्रेट खली', अमेरिकन प्रेक्षकांपुढें बहुधा भीषण परका दैत्य म्हणूनच उभे केले गेले. २१ मे २०१७ रोजीं रँडी ऑर्टनला हरवून विजेता झालेला जिंदर महल हा कॅनडांत जन्मलेला पंजाबी मल्ल. त्याच्या पगडीची आणि पंजाबी बोलण्याची तेथील प्रेक्षकांनीं हुर्यो उडवावी, अशीच त्याची भूमिका रचलेली होती. ज्या विजयास आपल्या घरांत टाळ्या पडल्या, त्याच विजयानें तेथें चीड यावी अशी ती योजना. गोष्टींत राक्षस लागतोच. परंतु तो कोणाचा चेहरा घालून आला आहे, हें विचारावयास मुलांस शिकविलें पाहिजे.

तिसरें ठिकाण देहाचें. निकाल ठरविल्यानें पडणें हलकें होत नाहीं. दहा फुटांवरून पडलेल्या माणसाची पाठ खरीच पडते. वर्षानुवर्षें पडून पडून मल्लांचे मणके आणि गुडघे खरेच झिजतात. २३ मे १९९९ रोजीं अमेरिकेंतील कॅन्सस सिटींत ओवेन हार्ट हा मल्ल प्रवेशाच्या वेळीं उंचावरून दोरानें उतरत असतां खालीं कोसळला आणि मरण पावला. कार्यक्रम तसाच पुढें चालू ठेवण्यांत आला. कथा देहापेक्षां मोठी झाली कीं काय होतें, याचें याहून कठोर उदाहरण सांपडणार नाहीं.

म्हणून मुलानें "हें खरें कां ?" असें विचारलें असतां "सारें खोटें" हें उत्तर अपुरें आहे, आणि मुलाला तें अपुरें असल्याचें कळतेंहि; पडणाऱ्याचा चेहरा त्यानें डोळ्यांनीं पाहिलेला असतो. त्यापेक्षां निकाल ठरलेला असतो, कसब शिकलेलें असतें आणि पडणें खरें असतें, एवढें सरळ सांगावें. एखाद्या सायंकाळीं आजोबांनीं नातवाशेजारीं बसून एक लढत शेवटपर्यंत पाहावी. पंचाची पाठ नेमकी कधीं फिरली, दुखावलेला गुडघा मल्ल कोठें विसरला, आणि यंदा राक्षस कोणाला केलें आहे, हें दोघांनीं मिळून हुडकावें. दिवाणखान्यांतील गादीवर तो डाव करून पाहण्यास मात्र सक्त मनाई असावी. कारण तेथें कोणीच कांहीं ठरविलेलें नसतें.