आधी बोट, मग इंजिन

18 डिसेंबर 2024 रोजी दुपारी चारच्या सुमारास मुंबई बंदरात करंजाजवळ नौदलाची एक वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर जाऊन आदळली. ‘नीलकमल’ गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघाली होती. परवानगी 84 प्रवाशांची, प्रत्यक्षात बोटीवर शंभराहून अधिक माणसे. नौदलाच्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती, इंजिनात बिघाड झाला आणि बोटीवरचा ताबा सुटला, असे नौदलाने त्याच दिवशी सांगितले. एकूण 15 जीव गेले. त्यांत पर्यटक होते, तसेच नौदलाचा जवान आणि चाचणीसाठी आलेली इंजिन कंपनीची माणसेही होती. त्यानंतर राज्यभर चर्चा झाली ती लाइफ जॅकेटची आणि जास्तीच्या प्रवाशांची. ती आवश्यकच होती. पण वेगवान बोटीला किती शक्तीचे इंजिन असावे आणि ते पेलणारी बोट कशाची व कशी बांधलेली असावी, हा मूळ प्रश्न मागेच राहिला. वेगवान बोट घेताना, भाड्याने देताना किंवा तिची जाहिरात करताना आपल्याकडे पहिला आकडा सांगितला जातो तो अश्वशक्तीचा. हा क्रमच उलटा आहे. बोटीचे वजन, तिच्या बुडाचा आकार आणि बांधणीचे साहित्य आधी ठरले पाहिजे. इंजिन किती मोठे चालेल हे त्यावरून ठरले पाहिजे.

यामागचे गणित अवघड नाही. वेग घेतल्यावर पाण्यातून वर उचलली जाऊन पृष्ठभागावरून घसरत जाणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. बोट बांधणारे हा ठोकताळा अनेक दशके वापरत आले आहेत. समजा, माणसे आणि इंधन धरून दोन टन वजनाची एक बोट 250 अश्वशक्तीच्या इंजिनावर 40 नॉटने, म्हणजे ताशी 40 सागरी मैलांनी, धावते. तिला तसेच दुसरे इंजिन जोडले, तर शक्ती दुप्पट झाली, पण वेग दुप्पट होत नाही. इंजिनाचेच अडीचशे किलो, वर त्याच्या इंधनाचे, मिळून वजन चारशे किलोने वाढले असे धरले तर वेग जातो 52 नॉटच्या आसपास, म्हणजे 30 टक्के वाढ. पूर्ण वेगात एवढे एक पेट्रोल इंजिन तासाला 90 लिटरच्या घरात इंधन पिते. तो खर्च मात्र सरळ दुप्पट. आणि धडक बसली तर तिच्यामागची ऊर्जा वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराने वाढते, म्हणून तीही जवळपास दुप्पट. उलट, इंजिन तेच ठेवून बोटीतून चारशे किलो वजन कमी केले, तर वेग 45 नॉटपर्यंत जातो आणि इंधनाचा एक थेंबही वाढत नाही.

मग वजन कमी करायचे कसे? इथे साहित्याचा प्रश्न येतो. कोकणातल्या सुतारांनी पिढ्यानपिढ्या लाकडी होड्या बांधल्या. लाकूड धक्का सोसते, गावातच दुरुस्त होते, पण ते जड असते, पाणी पिते आणि खाऱ्या पाण्यातले किडे त्याला पोखरतात. गेल्या काही दशकांत त्याची जागा फायबरने घेतली. काचेचे तंतू आणि रेझिन यांचे थर साच्यात बसवून केलेली ही बोट हलकी, गुळगुळीत, बिनसांध्याची आणि स्वस्त असते. मात्र फायबर फारसे ताठ नसते. लाटांचे फटके वर्षानुवर्षे बसले की थर आतल्या आत सुटू लागतात, आणि वरून रंग चकचकीत असल्यामुळे ते दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा साध्या फायबरपेक्षा कितीतरी जास्त. कठीण वस्तूवर आपटल्यावर ते बहुधा फाटण्याआधी वाकते, आणि किनाऱ्यावर यायला तेवढाच वेळ मिळतो. त्याचे दुखणे वेल्डिंगच्या जोडात असते. शिवाय खाऱ्या पाण्यात पितळ-काशासारख्या धातूशी संबंध आला की ते झिजते. लार्सन अँड टुब्रोने तटरक्षक दलासाठी बांधलेल्या 54 इंटरसेप्टर बोटी अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत आणि त्या 45 नॉटपर्यंत धावतात. कार्बन फायबर या सर्वांहून हलके आणि ताठ, पण महाग; ते तुटते तेव्हा फारशी पूर्वसूचना देत नाही. शर्यतीसाठी ते योग्य असेल. बंदरात रोज प्रवासी वाहणाऱ्या बोटीला त्याची गरज मला दिसत नाही.

साहित्य चांगले घेतले की काम झाले, असेही नाही. 1960 च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत समुद्र खवळलेला होता. ‘मॉपी’ नावाची तीस फुटी बोट आठ तासांत पोहोचली, दुसरी तिच्यानंतर सुमारे दोन तासांनी, तिसरी थेट दुसऱ्या दिवशी. ‘मॉपी’ लाकडी होती. तिचे वैशिष्ट्य होते रे हंट यांनी आखलेले बूड: पुढून मागपर्यंत खोल ‘व्ही’ आकाराचे, लाटेवर आपटण्याऐवजी ती कापत जाणारे. दुसरी आलेली बोटही हंट यांच्याच आराखड्याची होती. हेच बूड पुढे फायबरमध्ये साच्यातून निघू लागले आणि जगभर पसरले. खोल ‘व्ही’ला सपाट बुडापेक्षा जास्त शक्ती लागते, हे मान्य करायला हवे. पण ती शक्ती बुडाच्या गरजेतून आलेली आहे, बढाईतून नाही. 1985 मध्ये ‘व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर’ ही अ‍ॅल्युमिनियमची जोडबोट अटलांटिक पार करताना ब्रिटनच्या किनाऱ्याजवळ येऊन तरंगत्या वस्तूवर आदळली आणि बुडाली. पुढच्या वर्षी त्याच धातूची, पण एका बुडाची दुसरी बोट 3 दिवस 8 तास 31 मिनिटांत पार गेली. 1990 मध्ये मोनाकोजवळ जगज्जेता स्टेफानो कासिरागी याची बोट उलटून तो मरण पावला. त्यानंतर शर्यतीतल्या चालकाला बांधून ठेवणारे पट्टे आणि भोवतीचे भक्कम कवच यांचे नियम कडक झाले. मार्च 2017 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर झालेल्या पी-वन शर्यतीत तर सगळ्या बोटी एकाच साच्याच्या, 28 फुटी आणि 250 अश्वशक्तीच्या होत्या. हा खेळ ज्यांचा आहे, तेच बोट आणि इंजिन यांची जोडी आधी बांधून टाकतात.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. 26 नोव्हेंबर 2008 रोजी दहशतवादी समुद्रमार्गे आले, रबरी बोटीतून कुलाब्याला उतरले. त्या अनुभवानंतर सागरी पोलिसांच्या बोटी कमी शक्तीच्या ठेवा, असे कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. पाठलाग करणाऱ्या बोटीला जास्तीची शक्ती हवीच. पण 45 नॉटचा वेग शांत पाण्यातला असतो. पावसाळ्याच्या तोंडावर कोकण किनाऱ्यावर लाटा उठल्या की किती वेगाने जायचे हे बुडाचा आकार आणि आतल्या माणसांची पाठ ठरवते, इंजिन नाही. हलक्या बोटीवर भरमसाट शक्ती बसवली तर ती लाटेच्या माथ्यावरून उडते आणि आपटते. म्हणून वाचवलेले वजन वेगात खर्च न करता लहान इंजिनात खर्च करावे. त्यातून वाचलेल्या इंधनावर तीच बोट महिन्याला जास्त फेऱ्या मारू शकते. धक्क्याला बांधून ठेवलेली वेगवान बोट कोणाचाच पाठलाग करत नाही.

दुसरा आक्षेप असा की करंजाजवळ दोष इंजिनाचा होता, बोटीच्या बांधणीचा त्याच्याशी काय संबंध? यंत्र कधीतरी बिघडणारच, आणि बिघडल्यावर काय होईल हे आधीच ठरलेले असते: इंजिन आपोआप बंद पाडणारी सोय आहे का, बोट किती जड आणि किती वेगात आहे, आणि ती कुठे धावते आहे. शेकडो पर्यटकांची रोजची ये-जा जिथे आहे, त्या पाण्यात पूर्ण वेगाची चाचणी व्हायलाच नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. इथली कुटुंबे मुंबईला गेली की घारापुरीच्या बोटीत बसतात. आणि पाणी तर जवळही आहे. जुलै 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात बोट उलटून 8 तरुण गेले; सप्टेंबर 2021 मध्ये वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत 11 जण बुडाले. या दुर्घटना अफाट वेगाने घडलेल्या नव्हत्या. बोट किती भार पेलू शकते, हे बसणाऱ्यांना आधी कळायला हवे, एवढे त्यांतून नक्की दिसते. उद्या याच जलाशयांवर पर्यटनासाठी स्पीडबोटी आल्या आणि मिळेल त्या फायबरच्या बोटीला मिळेल ते इंजिन जोडले गेले, तर धोका वाढेलच.

उपाय साधा आहे. अमेरिकेत 20 फुटांखालच्या इंजिनाच्या बोटींवर 1972 पासून एक पाटी सक्तीची आहे: किती माणसे, किती वजन आणि इंजिन बाहेरून जोडायचे असल्यास जास्तीत जास्त किती अश्वशक्ती. आपल्याकडे 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. नोंदणी आणि तपासणीची चौकट त्यात आहे. राज्य सरकारने त्याच तपासणीत बोटीचे साहित्य, बूड आणि वजन पाहून अश्वशक्तीची कमाल मर्यादा ठरवावी आणि ती बोटीच्या अंगावर मराठीत, ठळक अक्षरांत रंगवायला लावावी. समुद्रातल्या प्रवासी बोटींसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाने तेच करावे. वेगाच्या चाचण्यांसाठी प्रवासी मार्गांपासून दूरचे पाणी राखून ठेवावे. आणि तोवर, धरणावर असो की गेट वेला, बोटीत पाय ठेवण्याआधी प्रत्येकाने बोट चालवणाऱ्या तांडेलाला विचारावे: ही बोट किती माणसांची आणि किती अश्वशक्तीची आहे? उत्तर मिळाले नाही तर बसू नये.